हिशेबवर्ष पाळणारं भूत

मार्केट यार्डात गूळ-भुसार विभागात माझ्या विद्यार्थ्याचा, दत्तप्रसादचा, गाळा आहे. त्या सकाळी गाळ्यासमोर एवढी गर्दी होती की मला वाटलं, गुळाचे भाव कोसळले. भाव जागच्या जागी होते. हमाल, शेजारचे व्यापारी, एक टेम्पोवाला आणि हातात किटली घेतलेला चहावाला, सगळे माना उंचावून आत बघत होते. आत टेबलावर कॉम्प्युटर होता. त्याच्या गळ्यात झेंडूचा हार आणि कपाळाला हळदकुंकू.

"काय झालंय रे?" मी बाबुराव हमालाला विचारलं.

"बाई, मशिनीला बाधा झाली हाय," तो दबक्या आवाजात म्हणाला. "एप्रिलपासनंचा समदा हिशोब गायब! आता म्हाराज येत्यात, हात फिरवत्यात, आन् समदं माघारी येतंय. म्या ह्या डोळ्यांनी दोनदा बघितलंय."

माझं नाव सरोजिनी. कोथरूडला बत्तीस वर्षं अकरावी-बारावीला बुककीपिंग शिकवलं आणि निवृत्त झाले. दत्तप्रसादला बारावीला पस्तीस मार्क पडले होते, त्यातला एक मी डोळे मिटून दिला होता. दर वर्षी मी त्याच्याकडे गुळाची ढेप घ्यायला येते. बाधा बघायला ही पहिलीच वेळ.

"या बाई, बसा," दत्तप्रसाद म्हणाला. चेहरा सुतकी. "यंत्रानंद महाराज येतच आहेत."

"कोण म्हणालास?"

"यंत्रानंद. पाडव्याला कॉम्प्युटरची पूजा त्यांनीच केली. तेव्हापासून दर अमावस्येला येतात. तरी बाधा होतेच. महाराज म्हणतात, यंत्र चांगलं आहे, पण हातगुण वाईट आहे." त्याने आवाज खाली आणला. "नम्रताचा."

नम्रता कोपऱ्यात उभी होती. वाशीमहून आलेली पंचविशीतली मुलगी, एप्रिलपासून इथे हिशेब लिहिते. आवाज खाली आणला तरी गाळा केवढा असतो! तिला सगळं ऐकू गेलं होतं. डोळे लाल होते, पण रडत नव्हती.

"बाई, बाधा झाली की एप्रिलपासूनचं काहीच दिसत नाही," ती म्हणाली. "शेठ म्हणतात, महाराज येईपर्यंत आजचं तरी लिही. मी लिहिते. मग महाराज जुनं सगळं परत आणतात, आणि नेमक्या मी मधल्या दिवसांत लिहिलेल्या नोंदी पुसल्या जातात. दोनदा झालं. आज तिसऱ्यांदा झालं तर शेठ मला काढणार आहेत."

"मी काढत नाही, महाराजांचा आदेश आहे," दत्तप्रसाद घाईने म्हणाला. "देवच हिच्या हातची नोंद स्वीकारत नाही, त्याला मी काय करू?"

"आणि हे तू कोणाकोणाला सांगितलंस?"

बाबुरावने त्याच्या वतीने उत्तर दिलं, "गाळ्यांच्या समद्या लायनीला ठावं हाय, बाई."

मला संताप आला. यार्डात एखाद्या मुलीचं असं नाव निघालं की तिला दुसरा गाळा मिळत नाही. परगावची पोर, खोलीचं भाडं भरून राहणारी. तिच्या पोटावर पाय येत होता आणि म्हणे आदेश!

मी चष्मा पुसून पडद्यासमोर बसले. एप्रिलपासूनचं खरंच काही नव्हतं, नम्रताने काल-परवा केलेल्या सदतीस नोंदी तेवढ्या होत्या. त्याआधीची शेवटची नोंद एकतीस मार्चची. हिशेबवर्ष पाळणारं भूत मी पहिल्यांदाच पाहत होते. भुतांनासुद्धा वर्षाखेर असते, हे कुठल्याच पोथीत वाचलं नव्हतं.

"दत्ता, माझी ढेप आण," मी म्हणाले. "आणि तिची नोंद आत्ता कर. तुझ्या हाताने. हातगुणाचा प्रश्नच नको."

"मी? मला कुठे येतं..."

"पस्तीस मार्क पडलेत तुला. बस."

तो बसला. एका बोटाने टकटक करत त्याने अख्खी नोंद केली: सरोजिनीबाई, एक ढेप, रोख. कपाळाला घाम आला होता.

तेवढ्यात महाराज आले. भगवा झब्बा, गळ्यात रुद्राक्षं, मनगटावर मात्र पावलं मोजणारं घड्याळ. हातात भगवी शाल. गर्दी आपोआप बाजूला झाली.

"हरि ओम! फार जड लहरी आहेत," महाराज डोळे मिटून म्हणाले. "मेमरीत पितर अडकलेत. प्रोसेसरचं सातवं चक्र बंद आहे. लोकहो, कॉम्प्युटरला आत्मा असतो. म्हणून तर तो कधीकधी रुसतो, ज्याला तुम्ही अज्ञानी लोक हँग झाला म्हणता!"

"शाल कशाला, महाराज?" मी विचारलं.

"यंत्र शिवाशी बोलतं तेव्हा त्याला उघड्यावर संकोच वाटतो, माताजी."

महाराजांनी शाल पडद्यावर टाकली आणि स्वतःचं डोकंही आत घातलं. आतून मंत्र ऐकू येत होते. मंत्रांच्या अधेमधे माऊसची टिकटिकही ऐकू येत होती. दोन मिनिटांनी शाल निघाली आणि एप्रिलपासूनचा सगळा हिशेब पडद्यावर हजर! गर्दीने टाळ्या वाजवल्या. चहावाल्याने किटली खाली ठेवून हात जोडले.

"आता बघा त्या कन्येच्या नोंदी," महाराज म्हणाले. "सगळ्याच्या सगळ्या गेल्या असतील. देवाने नाकारल्या. ही खुर्ची रिकामी करा आणि एक्कावन्न हजारांची यंत्रशांती करा. आमची एक पवित्र हातगुणाची शिष्या आहे, ती उद्यापासून येईल."

सदतीसच्या सदतीस खरंच नव्हत्या. नम्रताने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"दत्ता, माझी ढेप कुठाय?" मी विचारलं.

"ती काय, बाहेर..."

"पडद्यावर विचारतेय."

दत्तप्रसादने वर पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. त्याचीही नोंद नव्हती.

"म्हणजे देवाने तुलाही नाकारलं," मी म्हणाले. "चल, खुर्ची रिकामी कर. गाळाच रिकामा कर."

गर्दीत खसखस पिकली. महाराज म्हणाले, "मालकांना खुर्चीचा दोष लागला." पण आवाजात पहिला जोर नव्हता.

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक सोनेरी चिकटपट्टी होती, 'यंत्रराज' असं लिहिलेली. पाडव्याला महाराजांनीच लावलेली. मी नखाने ती उचकटली.

"अहो, अनर्थ होईल!" महाराज ओरडले.

झाला. खाली बारीक अक्षरांत आकडा होता: नऊ.

"दत्ता, ही सॉफ्टवेअरची नववी आवृत्ती आहे. आठवीचं काय केलंस?"

"काही नाही. नवीन आवृत्ती पाडव्याला बसवली, एप्रिलपासून तिच्यात लिहितोय. बसवणारे आठवी काढून टाकायला निघाले होते, मी काढू दिली नाही. वडिलांनी मुहूर्ताची शेवटची नोंद तिच्यात केली होती. जुनी वही कोणी फेकतं का, बाई? आमच्यात ती लाल फडक्यात बांधून ठेवतात."

"मग ती आत आहे. नम्रता, ते जे चिन्ह दाबून तू सॉफ्टवेअर उघडतेस ना, त्यावर माऊसची उजवी कळ दाब आणि प्रॉपर्टीज बघ."

नम्रता पुढे आली. तिने बरोबर उघडलं. त्यात त्या चिन्हामागचा पत्ता होता: नवव्या आवृत्तीचा फोल्डर. मग तिने शेजारचा आठव्या आवृत्तीचा फोल्डर शोधला आणि तिथून जुनं सॉफ्टवेअर चालू केलं. दोन्ही एकाच पडद्यावर शेजारी शेजारी उघडली. दिसायला सख्ख्या बहिणी, कोपऱ्यातला आकडा तेवढा वेगळा. आणि आठवीच्या पोटात काल-परवाच्या सदतीस नोंदी, त्याखाली अडतिसावी: सरोजिनीबाई, एक ढेप, रोख.

"बाई, आहेत!" नम्रता ओरडली. "सगळ्या आहेत! मागच्या दोन वेळच्यासुद्धा, शेजारच्या फोल्डरात लपवून ठेवलेल्या!"

"असणारच. लिहिलेलं जातंय कुठे? एका कॉम्प्युटरवर दोन आवृत्त्या खुशाल राहतात, फक्त प्रत्येकीचं कपाट वेगळं असतं. हे गृहस्थ अमावस्येला शालीखाली चिन्हामागचा पत्ता बदलून जायचे. तुम्ही तेच चिन्ह दाबायचात आणि जुनं कपाट उघडायचं. नम्रता बिचारी त्यात लिहायची. मग हे पत्ता पूर्ववत करायचे. नवं कपाट उघडलं की हिशेब परत, आणि नम्रताचं लिखाण जुन्यात बंद; पुढच्या खेपेला ते दिसू नये म्हणून बाजूला काढून ठेवलेलं. आकडा दिसला असता तर कोणीही ओळखलं असतं, म्हणून ही चिकटपट्टी."

बाबुराव पुढे घुसला. "मला दावा की, ताई." नम्रताने दाखवलं तसं त्याने पत्ता बदलला. हिशेब गायब. पुन्हा बदलला. हिशेब हजर.

"आयला! म्या बी म्हाराज झालो!" बाबुरावने हात उंचावून गर्दीला आशीर्वाद दिला.

खरे महाराज तोवर दारापर्यंत पोचले होते. टेम्पोवाल्याने त्यांना प्रेमाने परत आणून बसवलं. चौकशीत कळलं की यंत्रानंद पूर्वी तपकीर गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. "दुरुस्तीचे पैसे लोक महिनोन्महिने देत नाहीत हो," ते कळवळून म्हणाले. "दाढी वाढवली तर आगाऊ देतात." हे मात्र त्या दिवशीचं त्यांचं एकमेव खरं वाक्य होतं. आधीच्या दोन शांतींचे पैसे त्यांनी तिथल्या तिथे मोबाइलवरून परत केले. मंत्र लागला नाही.

दत्तप्रसाद खुर्ची पुसत म्हणाला, "बस नम्रता. चुकलं माझं."

ती बसली नाही. "शेठ, तुम्ही चूक इथे कबूल करताय. पण माझा हातगुण वाईट आहे हे तुम्ही सगळ्या लाइनीला सांगितलंत. तिथे कोण सांगणार?"

ती माझ्यापेक्षा नेमकं बोलली होती.

दत्तप्रसादने चपला घातल्या. त्या सकाळी तो गाळ्यागाळ्यावर गेला, मागे नम्रता आणि तिच्या मागे मी, माझी ढेप डोक्यावर घेतलेल्या बाबुरावसह. प्रत्येक ठिकाणी तो दोन वाक्यं म्हणाला: मी फसलो, आणि हिच्या सगळ्या नोंदी बरोबर होत्या. पहिल्या गाळ्यावर त्याचा आवाज फुटत नव्हता. शेवटच्या गाळ्यापर्यंत चांगला मोकळा झाला.

लोकहो, जुनी आवृत्ती ठेवायला काहीच हरकत नाही. मागच्या वर्षीचं काही बघायला ती उपयोगीच पडते. कोणती उघडली आहे एवढं बघत चला. आणि हिशेबातून, घरातून, गावातून काहीही नाहीसं झालं, तर आधी ते कुठे ठेवलं गेलं ते शोधा. शाल पांघरून उत्तर देणाऱ्याला शाल काढायला सांगा. एखाद्या पोरीच्या हाताला दोष द्यायची घाई करू नका, कारण नोंदी एका क्लिकमध्ये परत मिळतात, तिचं नाव परत आणायला मात्र गाळ्यागाळ्यावर जावं लागतं.