गादीवरचा शब्द

वडगावच्या मधल्या गल्लीतला शेट्टी संक्रांतीनंतर वारला, आणि चंद्राबाईच्या मालूचं लग्न त्याच्याबरोबरच तिरडीवर चढलं.

तसं मेलेल्या शेट्टीचं आणि मालूचं नातं काहीच नव्हतं. पण गल्लीतल्या विणकरांचा रिवाजच तसा. साखरपुड्याचा पहिला विडा शेट्टीनं, म्हणजे गल्लीच्या मुख्यानं, खायचा आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, ‘अमक्याची पोर तमक्याला दिली.’ तोवर सोयरीक म्हणजे नुसत्या गप्पा. आणि शेट्टी कोण? तर ज्यानं गल्लीसमोर पहिला विडा खाल्ला तो. एकदा चावलेला विडा काही परत घेता येत नाही!

आता मल्लाप्पा म्हणे शेट्टी मी, यल्लाप्पा म्हणे मी. निम्मे पंच याचे, निम्मे त्याचे. राहिला म्हातारा भरमूआप्पा. तो दोघांच्याही घरी जेवून यायचा आणि दोघांनाही ‘बघू की’ म्हणायचा. इकडं मालूला मागणी घातलेले निपाणीचे पाहुणे कंटाळले. मुलगा अंबाजी, तंबाखूच्या वखारीत कारकून, आणि स्वतः तपकीरसुद्धा न ओढणारा. मालूला विचारलं तेव्हा ती ‘चालंल’ म्हणाली होती, पण असं लाजून म्हणाली की चंद्राबाईला हसू आवरेना. त्या पाहुण्यांचा निरोप आला, पाडव्याच्या आत विडा झाला नाही तर आम्ही दुसरीकडं बघतो. चंद्राबाई बोटांवर दिवस मोजू लागली.

अशात तिचा नवरा यमनाप्पा बेळगावच्या कॅम्पातनं आला तो रोमच्या गोष्टी घेऊनच. तिथल्या पाद्र्याला तो वेदीवर अंथरायचं कापड विणून द्यायचा.

“अगं, त्येंचा पोप वारला,” तो म्हणाला. “पोप म्हंजे जगातल्या सगळ्या किरिस्तावांचा शेट्टी.”

“मग आता तिथल्याबी पोरींची लग्नं अडली म्हणायची.”

“कुठली अडत्यात! लाल झग्यातल्या पंचांना कोंडून घालत्यात. ठरलं की धुराड्यातनं पांढरा धूर. न्हाय ठरलं तर भाताचं ओलं पिंजर जाळून काळा.”

“ओलं पिंजर जाळून काळा?” चंद्राबाई म्हणाली. “फुंकणी कधी हातात धरल्याली दिसत न्हाय त्येंनी.”

“तू मदी बोलू नगंस. औंदा दुसऱ्याच दिशी ठरलं. पण पूर्वी एकदा तीन वर्सं खात बसलं हुतं. गावकऱ्यांनी छप्पर काढलं आणि नुसत्या भाकरी-पाण्यावर ठेवलं. मग आलं ताळ्यावर!”

त्या दिवसापासनं यमनाप्पाच्या मागात धोटा कमी आणि पोपच जास्त धावू लागला. पारावर बसून तो सांगे, गादीवर बसून धर्माचं बोलला की पोपाचा शब्द चुकत न्हाय. जुने पोप लई पुतणेवेडे, कुणाला जहागीर दिली, कुणाला लाल झगा. डुलक्या घेणाऱ्या भरमूआप्पानं तेवढ्यावर एक डोळा उघडला.

“पुतण्यांना?”

“व्हय आप्पा.”

“शाणी माणसं,” म्हणून त्यानं डोळा परत मिटला. त्याचा पुतण्या नागोजी, पस्तिशीचा घोडा, ना मागावर बसायचा ना रानात जायचा. पानाच्या दुकानासमोर चकाट्या पिटायचा. त्याला पोर द्यायला बेळगाव जिल्ह्यात कोणी तयार नव्हतं.

होळी झाली आणि गल्लीनं रोमच्या रिवाजानं मल्लाप्पा-यल्लाप्पासकट सगळ्या पंचांना देवळामागच्या धर्मशाळेत कोंडलं. शेट्टीची गादीही आत नेऊन मांडली. चंद्राबाईला वाटलं, चला, सुटलो एकदाचं. कसलं काय! मल्लाप्पाच्या घरचे मांडे, यल्लाप्पाच्या घरची पुरणपोळी, वर तूप. आतनं पत्ते पिसल्याचा आवाज आणि ढेकरा. कोण कशाला ठरवतोय? पंचांना तिथंच म्हातारपण काढायचं होतं.

“छप्पर काढा,” चंद्राबाई नवऱ्याला म्हणाली.

“देवळाच्या धर्मशाळेचं? पाप लागंल गं!”

“मग पुरणपोळ्या तरी काढा!”

तिनं गल्लीतल्या बायकांना गोळा केलं. बायकाही मांडे करून करून टेकीला आल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून आत फक्त भाकरी आणि पाणी. चटणी नाही, पान नाही, तंबाखू तर नाहीच. पत्ते थांबले, आरडाओरडा सुरू झाला.

पाडवा अगदी तोंडावर आला होता तेव्हा निपाणीचे पाहुणे शेवटचं विचारायला आले. चंद्राबाई विड्याचं तबक घेऊन धर्मशाळेच्या पायरीशी उभी राहिली, दुसरं तिच्या हातात होतंच काय? आत त्या वेळी मल्लाप्पानं यल्लाप्पाची शेंडी धरली होती. ठरलं नाही हे बाहेर कळावं म्हणून कुणीतरी रीतसर ओलं पिंजर चुलीत कोंबलं. आणि धुराड्यातनं असा धूर निघाला, असा धूर निघाला, पांढराशुभ्र!

“पांढरा! ठरलं रं, ठरलं!” पोरं नाचायला लागली. हलगी कडाडली. यमनाप्पानं कुलूप काढलं.

धुरात घुसमटून पहिला बाहेर पडला तो भरमूआप्पा. डोळ्यांना धारा, घशाला कोरड, आणि तोंडाला कधीपासून पान नाही. समोर तबकात विडा. म्हातारा कसला दम धरतोय? त्यानं उचलला आणि गालात कोंबला.

हलगी थांबली. मग एकदम गलका झाला, “भरमूआप्पा शेट्टी!”

मागनं खोकत मल्लाप्पा आणि यल्लाप्पा आले. दोघांनी म्हाताऱ्याच्या गालातला विडा बघितला, मग एकमेकांकडं बघितलं. तू नाहीस ना, मग कुणीही चालेल. आणि हे म्हातारं दिवाळी बघतंय की नाही कोण जाणे! दोघंही त्याच्या पाया पडले.

यमनाप्पानं हात जोडले. “बोला आप्पा. यमनाप्पाची मालू...”

भरमूआप्पानं विडा या गालातनं त्या गालात नेला. निपाणीकरांकडं बघितलं, मग पानाच्या दुकानाकडं बघितलं.

“यमनाप्पाची मालू,” तो म्हणाला, “आमच्या नागोजीला दिली.”

मालूनं तोंडात पदर कोंबला. यमनाप्पा पांढराफटक पडला. “आप्पा, चुकलं. अंबाजी म्हणायचं.”

“शेट्टीचा शब्द चुकतो व्हय रं? तूच सांगत हुतास न्हवं पारावर?”

पंचांनी माना हलवल्या. सांगत तर होता. निपाणीकर मुकाट्यानं चपला शोधू लागले.

चंद्राबाईच्या अंगाचा भडका उडाला. या बापयांच्या रोमापायी माझी पोर त्या घोड्याच्या गळ्यात? पण ती ओरडली नाही. पदर खोचून पुढं झाली.

“व्हय आप्पा, चुकत न्हाय. पण गादीवर बसून बोललं तर. व्हय न्हवं वो?” तिनं नवऱ्याकडं बघितलं.

“बसून! बसूनच!” यमनाप्पाला कंठ फुटला.

“मग गादी आत हाय आणि तुमी पायरीवर उभं. उभ्यानं बोलल्यालं म्हंजे नुसत्या गप्पा!”

गल्लीत हशा पिकला. भरमूआप्पा तरातरा आत वळला, गादीवर बसून तेच म्हणायला. पण एव्हाना मल्लाप्पाला आपली भाची आठवली होती आणि यल्लाप्पाला आपली धाकटी मेहुणी. आज हे खपलं तर उद्या म्हातारा न विचारता कुणाचीही पोर कुणालाही देऊन टाकेल! आयुष्यात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. म्हाताऱ्याला दोन्ही बखोटांना धरून त्यांनी गादीवर बसवलं आणि यल्लाप्पा त्याच्या कानाशी वाकला.

“अंबाजी म्हण आप्पा. न्हायतर कुलूप तिथंच हाय, आणि भाकरी-पाणी.”

शेट्टीनं एकदा दाराकडं बघितलं आणि मालू अंबाजीला दिली.

मालू निपाणीला नांदायला गेली. भरमूआप्पानं दिवाळी बघितली, पुढचीही बघितली. दुसरं महायुद्ध सुरू झालं, संपलं, तरी शेट्टी टुणटुणीत. फक्त त्या दिवसापासनं तो गादीशिवाय कुठं जात नसे. बारसं असो, तंटा असो, पुढं म्हातारा आणि मागं नागोजी, काखेत गादी धरून.

एका सकाळी चंद्राबाई अंगणात सडा टाकत होती. मालूची धाकटी बहीण सोनी आता लग्नाची झाली होती. गल्लीच्या तोंडाशी तिला भरमूआप्पा दिसला, केस चोपडलेला नागोजी दिसला, आणि त्याच्या काखेतली गादी दिसली.

“सोने,” तिनं आत हाक मारली, “दोन भाकरी थाप.”

“आणि कोरड्यास काय करू?”

“काय नगं. नुसती भाकरी आणि पाणी. शेट्टी येतोय.”