हळू आवाजात, एकदाच

"पुन्हा म्हण," ताई म्हणाली.

"सूप थंड आहे."

"अगं, सूप मागवलंयस, भांडण नाही. हळू म्हण. शेजारच्या टेबलाला ऐकू जाता कामा नये."

"मग वेटरला तरी कसं जाणार?"

"तेच तर बघायचंय."

मी स्वयंपाकघरात रिकामी वाटी पुढे घेऊन बसले होते आणि ताई ओट्याचं फडकं खांद्यावर टाकून वेटर झाली होती. चांगल्या हॉटेलात कुणी असं फडकं टाकलं तर बाबा त्याला तिथल्या तिथे सोलून काढतील, पण तिला हे ऐकवायची ही वेळ नव्हती. ताईचं तोंड आधीच एवढंसं झालं होतं. तिच्या वर्गातली एक मुलगी तापाने पडली होती आणि तिच्या जागी उद्या मी बसणार होते. शाळा सोडल्यापासून घरात मला पहिल्यांदाच कुणी काही काम सांगत होतं, तेही गिळायचं.

ताई हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करावा लागतो. स्वतः काहीतरी शोधून काढायचं, लिहायचं आणि सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. तिला हॉटेलच्या लॉबीतल्या वासावर करायचा होता. सर म्हणाले, "वास मोजणार कशाने, नाकाने?" मग त्यांनीच विषय दिला. पाहुण्यांची तक्रार आणि वेटरचं वागणं. आता त्यासाठी हॉटेल पाहिजे. एकही हॉटेल हो म्हणेना. आपल्याकडच्या तक्रारी कोण बाहेर काढू देतं. शेवटी बाबाच त्यांच्या मॅनेजरपुढे जाऊन उभे राहिले आणि परवानगी घेऊन आले. बाबा तिथे वेटर आहेत, मी जन्मायच्या आधीपासून.

वडील तिथेच आहेत हे ताईने सरांना सांगितलं नाही आणि बाबांनी मॅनेजरलाही सांगू नका म्हटलं. सांगितलं असतं तर सर म्हणाले असते, नात्यातलं माणूस नको, दुसरं हॉटेल शोध. दुसरं होतं कुठे?

सरांची पद्धत अशी. वर्गातली पोरं पाहुणे म्हणून जेवायला बसणार. वेटर लोकांना पत्ता लागू द्यायचा नाही. प्रत्येकाने एक खोटी तक्रार करायची, हळू आवाजात, आणि एकदाच. सर म्हणाले होते, "ओरडलं की कुणीही धावतं. हळू बोलणाऱ्याचं कोण ऐकतं, ते आपल्याला बघायचंय."

हे ऐकून आली त्या संध्याकाळी ताई चपला न काढताच पलंगावर बसून राहिली होती.

कारण बाबांना डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाही. उजव्याने येतं, थोडंसं. हॉटेलच्या पार्टी हॉलमध्ये वाढपाचं दार भल्यामोठ्या स्पीकरच्या शेजारी आहे, त्या दारात त्यांची सगळी उमेदीची वर्षं गेली. घरात याबद्दल कुणी बोलत नाही. आम्ही नुसते ओरडतो. शेजारच्यांना वाटतं आमच्याकडे रोज भांडणं होतात. आम्ही फक्त भाजी वाढू का विचारत असतो.

हॉटेलात मात्र कुणाला माहीत नव्हतं. बाबा उजवा कान पुढे येईल असे वाकून उभे राहतात, ओठ बघतात आणि ऑर्डर परत म्हणून दाखवतात. पाहुण्यांना वाटतं, काय अदब आहे. कळलं असतं तर? जुन्या कॅशियरला नीट दिसेना झालं, तेव्हा त्याला महिना पुरा व्हायच्या आत घरी पाठवलं होतं. नजर गेली तर ही गत, मग कान गेलेला वेटर कोण ठेवील?

म्हणून ताईने बाबांच्या सुट्टीचा दिवस धरला. सरांना सांगितलं की हॉटेलला तोच सोयीचा आहे. प्रश्न मिटला, असं आम्हाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ताईचा निळा ड्रेस घालून मी पुढच्या दाराने आत गेले. तोपर्यंत मी ते हॉटेल मागूनच पाहिलं होतं, जिथे रिकामे क्रेट रचलेले असतात आणि बाबा डबा विसरले की आई मला पिटाळते. पुढून ते वेगळंच निघालं. पांढरे टेबलक्लॉथ, उभे घडी केलेले नॅपकिन, आणि गालिचा असा की चालताना आपण आहोत की नाही तेच कळत नाही. सर आणि ताई कोपऱ्यात खांबाजवळ बसले होते. खिडकीशी ताईच्या वर्गातली एक मुलगी होती, जिला मी कुजबुज म्हणते. ती एरवीसुद्धा असं बोलते की जणू आवाजाचे पैसे पडतात. सरांची सगळ्यात लाडकी.

माझं सूप आलं. तेवढ्यात किचनचं दार कोपराने ढकलून बाबा बाहेर आले.

पांढरा कोट कडक इस्त्रीचा. केस ओले करून बसवलेले. मी ताईकडे बघितलं. तिने खोकल्यासारखं करून तोंडावर हात धरला होता.

मॅनेजरने त्यांना नुसती तारीख सांगितली होती म्हणे, पद्धत नाही. मग बाबांनी आपली सुट्टी दुसऱ्याला देऊन टाकली. लेकीचं काम आहे आणि मी घरी लोळत पडू? त्यांना वाटलं ताई वही घेऊन येईल, त्यांना प्रश्न विचारील. सकाळी बाथरूममध्ये ते काहीतरी पुटपुटत होते, ती उत्तरं होती. आम्हाला सांगितलं, जरा जाऊन येतो.

खिडकीकडची टेबलं त्यांची होती. कुजबुजपुढे त्यांनी सूप ठेवलं, मान झुकवली आणि शेजारच्या टेबलावरचे ग्लास सरळ करायला वळले. डावी बाजू तिच्याकडे. कुजबुजचे ओठ हलले. मला एवढ्या लांबून दिसलं. बाबांनी ग्लास नीट लावले, सगळ्यांकडे बघून हसतात तसे हसले आणि निघून गेले.

ती दुसऱ्यांदा बोलणार नव्हती. शहाणी मुलगी. तिने खाली बघून चमचा उचलला. सरांनी ताईच्या कानात काहीतरी सांगितलं.

माझं डोकं फिरलं की मला पुढचं दिसत नाही. शाळाही अशीच सुटली. मी वाटी पुढे ढकलली आणि म्हटलं, "हे सूप आहे की भांडी धुतलेलं पाणी?"

अख्खा हॉल माझ्याकडे वळला. मला एवढंच पाहिजे होतं की सगळा खेळ बिघडावा, सरांनी कपाळाला हात लावावा आणि म्हणावं, आज राहू दे, परत कधीतरी येऊ. माझा वेटर नवा होता, तो जागीच थिजला. पण भडकलेला पाहुणा सांभाळायला तिथे सगळ्यात जुन्या माणसाला पाठवतात. आणि माझा आवाज बाबांना कुठूनही ऐकू येतो.

ते धावत आले, गुडघे दुखत असताना. मला बघितलं. मग ताईचा ड्रेस बघितला. घरी दार उघडल्यावर असतो तसा त्यांचा चेहरा झाला, पण क्षणभरच. मग तो पुसला गेला आणि ते माझ्यापुढे वाकले.

"माफ करा मॅडम. लगेच बदलून आणतो."

"अहो बाबा," मी ओठातल्या ओठात म्हटलं.

"ब्रेडही गरमच आणतो."

त्यांना ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी दुसरी वाटी आणली. थेंब सांडला नाही. चमच्याचा दांडा माझ्या हाताकडे वळवला आणि म्हणाले, "सावकाश घ्या." मला जन्मात ते कधी अहोजाहो करत नाहीत. मी ते सूप शेवटपर्यंत प्यायले. दुसरं काय करणार होते.

बाहेर आल्यावर सरांना काय करू नि काय नको झालं होतं. "काय उदाहरण मिळालंय. एकच माणूस. हळू बोलणारीला सरळ डावललं आणि आरडाओरडा करणारीपुढे लोटांगण. हे मागून मिळत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू नियम मोडलास, पण कामाचा मोडलास."

"त्यांना ऐकू गेलं नसेल," मी म्हटलं.

"हातभर अंतरावरून? ही सगळी सोंगं असतात बाळ. ह्या लोकांना बरोबर कळतं कुणाचं ऐकायचं."

माझी मूठ वळली होती. ताईने माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. "जाऊ दे सर, लहान आहे ती."

संध्याकाळी बाबा घरी आले ते जरा फुरंगटूनच. "काय गं, मला काही विचारलंच नाहीस. मी एवढी तयारी केली होती. आणि या भवानीला कशाला बसवलंस? सूप चांगलं कढत होतं, मी वाटीला हात लावून बघितला."

ताई त्यांच्या उजवीकडे बसली आणि तिने सगळं सांगितलं. हळू आवाजाचं, एकदाच बोलायचं, सरांचं. बाबा तिच्या ओठांकडे बघत होते. ती थांबली तरी बघत राहिले.

"ती खिडकीजवळची मुलगी," ते म्हणाले. "ती बोलली होती मला?"

"हो."

"मग तसंच प्यायली?"

"बाबा, थंड नव्हतंच ते. नाटक होतं."

"पण तिने सांगितलं होतं ना."

ताईने वही मांडीवर ओढली. "मी खरं काय ते लिहिते. तुम्हाला ऐकू गेलं नाही असं. नाहीतर माझं सगळं कामच खोटं आहे."

"लिही," आई ओट्याकडून ओरडली. "आणि उद्यापासून ह्यांना घरी बसव. मग तुझी फी मी भरते, कढई विकून."

"मग मी देतच नाही प्रोजेक्ट. फाडून टाकते. पुढच्या वर्षी बसते."

"पुढच्या वर्षी काय हॉटेलं आरती ओवाळणार आहेत तुझी?"

"ओरडू नका," बाबा म्हणाले. आमच्या घरात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. "सर म्हणतात तसं लिही. माजोरडा लिही. बहिऱ्या वेटरला कुणी दारात उभं करत नाही. माजोरड्याला करतात. सगळी हॉटेलं माजोरड्यांनीच भरलीत."

"तुम्हाला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही, बाबा."

"मग आता ठेवू दे एकाने. त्याने काय झिजतं?"

सरांनी मॅनेजरच्या कानावर घातलंच. हॉटेलचं नुकसान होऊ नये म्हणून, असं म्हणे. मॅनेजरने बाबांना आत बोलावलं. बाबा आम्हाला हे जेवताना सांगत होते, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. मॅनेजर म्हणाला, काका, तुम्ही? तुम्ही असं केलंत? बाबा म्हणाले, हो साहेब. ऐकलं होतं, दुर्लक्ष केलं. मॅनेजर म्हणाला, खरं सांगा, काही अडचण आहे का, तब्येतीचं वगैरे? बाबा म्हणाले, काही नाही, एकदम ठणठणीत. मुलगी साधी दिसली, म्हटलं थांबेल.

"असं म्हणालात?" ताईने विचारलं.

"मग काय म्हणू?"

त्यांना हॉलमधून काढून मागे घातलं. काटे-चमचे पुसायचे आणि नॅपकिनच्या घड्या घालायच्या. तात्पुरतं, असं मॅनेजर म्हणाला. तात्पुरतं म्हणजे काय ते बाबांनाही कळलं आणि आम्हालाही. पांढरा कोट जमा करून घेतला. मागे काम करणाऱ्याला निळा एप्रन असतो.

बाबा दुसरीकडे विचारून आले. आधीचं का सोडताय म्हटल्यावर तेच सांगायचे, पाहुण्याशी नीट वागलो नाही म्हणून. त्यांचा हिशेब बरोबर होता, त्यावर कुणी फारसं अडलं नाही. एका ठिकाणी तर दुपारपुरतं उभंही करून बघितलं. तिथे मोठ्याने गाणी लागलेली असतात. संध्याकाळी तिथला मालक म्हणाला, आजोबा, तुम्हाला झेपायचं नाही. त्यानंतर ते कुठे गेले नाहीत.

ताईच्या कॉलेजात प्रोजेक्ट ऐकायला घरच्यांना बोलावलं, तेव्हा आईने मी येत नाही म्हणून सांगितलं. तिला त्या सरांचं तोंड बघायचं नव्हतं. बाबा मात्र सकाळपासून तयार होऊन बसले होते. आम्ही पहिल्या रांगेत, डाव्या टोकाला बसलो, म्हणजे त्यांचा उजवा कान स्टेजकडे येईल. काही उपयोग नव्हता. त्या हॉलमध्ये आवाज इतका घुमत होता की मलाही अर्धं कळत नव्हतं.

ताई काळा कोट घालून उभी होती. तिने आमच्याकडे एकदाही बघितलं नाही. मागच्या पडद्यावर आकडे आणि रेघा येत होत्या आणि ती एका सुरात वाचत होती, बाजारातल्या वस्तूंची नावं वाचावीत तशी. मग पडद्यावर आलं, 'कर्मचारी अ'.

"कर्मचारी अ याने हळू आवाजातल्या तक्रारीकडे जाणूनबुजून दुर्लक्ष केलं," ताई म्हणाली. "मात्र चढ्या आवाजातल्या तक्रारीनंतर त्याच कर्मचाऱ्याने तत्परतेने माफी मागितली."

हॉलमध्ये हशा पिकला. सर बाजूच्या खुर्चीत बसून मान डोलवत होते, पांढऱ्या कोटाशिवाय त्यांनी बाबांना ओळखलंही नव्हतं. माझ्या मागचा एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "असलेच असतात रे हे. आपण साधे दिसलो की ढुंकून बघत नाहीत." मी खुर्चीत अर्धी वळले. काय करणार होते देव जाणे, पण तेवढ्यात बाबांनी मला कोपराने ढोसलं आणि माझ्याकडे वाकून विचारलं, "माझं आलं का?"

मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं.

"आलंय. आता तुमचंच चाललंय."

त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि फोटोला बसतात तसे ताठ बसले, स्टेजकडे बघत.