दुसऱ्याच्या हातातला मासा

थोरल्याच्या हाताला लाज म्हणून नव्हती. पैसे मोजून हौसेने बोटीवर मासे धरायला आलेल्या पाहुण्यांच्या गळाला मासा लागला रे लागला, की हा गडी सुकाणू घरच्या जावयाच्या गळ्यात टाकून धावत सुटायचा आणि पाहुण्यांच्या हातातला रॉड हिसकावून घ्यायचा. "सोडा, सोडा, तुम्हाला नाही झेपायचं!" असं वर तोंडाने. मग दातओठ खात स्वतःच मासा वर काढायचा, बाळंतिणीच्या कुशीत बाळ द्यावं तसा पाहुण्यांच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "हसा, फोटो काढतो." पाहुणे हसायचे, पण उसन्या कोटात लग्नाला उभ्या राहिलेल्या नवरदेवासारखे.

अख्खा धक्का जिला आत्याबाई म्हणायचा, त्या त्याच्या आईला हे मुळीच खपत नव्हतं. बोट तिच्या नावावर होती. शाळा तिने पाटी फुटेपर्यंतच केली होती, पण बोटीतून उतरणारा माणूस खूश आहे की चडफडतोय, हे तिला त्याच्या चालीवरून कळायचं. आणि अलीकडे बरेच जण चडफडत उतरत होते.

पोराचं हे खूळ आलं कुठून, तेही तिला ठाऊक होतं. त्याचा आजा, बाप, सगळे पोटासाठी मासे धरणारे. त्यांच्या लेखी सुटलेला मासा म्हणजे थंड चूल. हौसेखातर लांबून येणारी, घामाघूम होऊन मासा ओढणारी आणि कधीकधी त्याची पाठ थोपटून पुन्हा पाण्यात सोडणारी माणसं थोरल्याच्या डोक्यात शिरतच नव्हती. मासा निसटायला लागला, की त्याचा हात आपसूक पुढे जायचा.

अशात दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. गेल्या हंगामात त्यांच्या गळाला लागलेली भलीमोठी सुरमई थोरल्याने अशीच पळवली होती. बाईंनी फोटो तर काढू दिला नव्हताच, वर धक्का येताच तरातरा चालत्या झाल्या होत्या. आत्याबाईंनी फोन मोठ्या आवाजावर लावून शेडमधल्या टेबलावर ठेवला. सगळ्यांनी ऐकलेलं बरं.

"मी येते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मागच्या वेळच्याच खडकापलीकडे न्या मला. माझ्या ओळखीची बरीच मंडळी विचारतायत, कुठली बोट घ्यायची म्हणून. या खेपेला मासा मी स्वतः काढला, तर सगळी तुमच्याकडे पाठवते. पण तुमच्या चिरंजीवांनी रॉडला बोट जरी लावलं, तरी मी उडी मारून पोहत परत येईन, आणि वाटेत भेटेल त्याला तुमच्या बोटीची कीर्ती सांगत येईन."

"या तुम्ही निर्धास्त," आत्याबाई म्हणाल्या. "शब्द माझा."

फोन बंद झाला आणि आत्याबाईंनी तयारीला हात घातला. उधाणाचे दिवस तिने सरळ खोडले. तेव्हा पाणी खवळतं, गढूळ होतं, माशाला आमिष दिसत नाही. भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी मंद असते ते दिवस धरले. पाणी संथ, तळापर्यंत नितळ. उन्हं तापायच्या आत खडक गाठायचा. आमिषाला जिवंत बांगडे, टाकीत खेळते ठेवलेले. बर्फ दुप्पट. डॉक्टरीणबाईंना पाव आणि उकडलेली अंडी. तळलेलं काही नको, बोट डोलली की तळलेलं वर येतं. सून जमिनीवर बसून गळांना तारेचे तुकडे जोडत होती. नुसती दोरी सुरमई कात्रीसारखी तोडते.

"आई, इतके धारदार दात," सून म्हणाली, "डॉक्टरीणबाई मासा काढतील की तपासून औषध देतील?"

"काय द्यायचं ते देऊ दे, पण त्यांच्या हाताने. अडलंय ते तिथेच."

दारात टेकून उभ्या असलेल्या जावयाने घसा खाकरला. "सासूबाई, सोपं आहे. दादांना या खेपेला घरी ठेवा. बोट मी नेतो."

"जावईबापू," आत्याबाई मान वर न करता म्हणाल्या, "मागच्या महिन्यात तुम्ही धक्क्याला बोट धडकवलीत. धक्का तर जागचा हलतही नाही. तिकडे खडक पाण्याखाली आहेत, म्हटलं, आठवण करून देते."

जावई इंजिनात हुशार होता, ते ती कुणासमोरही कबूल करायची. पण खडकांमधली वाट एकट्या थोरल्याला तोंडपाठ होती. त्याला नेलं तर शब्द जातो, ठेवलं तर बोट जाते. आणि थोरला कोपऱ्यात असा बसला होता, जणू त्याच्याच घरात त्याला परका ठरवलंय. बाप गेल्यापासून त्याच्याशिवाय बोट धक्का सोडून गेली नव्हती.

"आई, आता नाही करणार," तो म्हणाला. "सांगतो ना."

"तुझा हात तुला विचारून जातो का? ऊठ. अंगणात चल."

अंगणात आत्याबाईंनी शेडमधली चाकांची खुर्ची मागवली आणि पदर खोचून तिच्यावर बसल्या. मोठा रॉड मांड्यांमध्ये रोवला. दोरीचं टोक जावयाच्या हातात दिलं. "बांधा कमरेला. तुम्ही मासा."

"मी?"

"पळता तर येतं ना? मी डॉक्टरीण. आणि हा," थोरल्याकडे बोट करून, "हा काही करणार नाही. सूनबाई, तू नवऱ्याच्या हातांवर नजर ठेव."

जावई पळाला. रीळ किंचाळलं, दोरी सरसरत सुटली, आत्याबाईंचे खांदे पुढे ओढले गेले. त्या "अगं बाई!" म्हणेपर्यंत रॉड थोरल्याच्या हातात होता. त्याने अर्धा जावई ओढून आणला, तेव्हा कुठे त्याला सून हसताना दिसली.

"मी पाहुणी आहे मेल्या! ठेव तो!"

"आई, दोरी संपत होती!"

"संपू दे! माझी दोरी आहे!"

पुन्हा मांडामांड झाली. थोरल्याने हात खिशात कोंबले. या वेळी जावयाला धक्क्याचा टोमणा आठवला असावा. तो फाटकातून बाहेर पडला आणि कुंपणाच्या भिंतीला वळसा घालून रस्त्याने सुसाट निघाला. दोरी भिंतीच्या कोपऱ्यावर घासू लागली. खुर्ची तिरकी झाली, रॉड वाकून त्याची कमान झाली. थोरल्याचे हात खिशातून बाहेर आले.

हात खुर्चीच्या पाठीवर पडले. त्याने खुर्ची गर्रकन फिरवली आणि आईसकट फाटकाबाहेर ढकलत नेली. दोरी भिंतीपासून सुटली, सरळ झाली. "आता गुंडाळ! टोक वर ठेव, आई! तो ओढतोय तोवर थांब, थांबला की गुंडाळ!" मासा डावीकडे वळला की खुर्ची डावीकडे, उजवीकडे वळला की उजवीकडे. आणि मधल्या प्रत्येक ढिलाईला आत्याबाई दात आवळून रीळ फिरवत होत्या. शेजारची माणसं खिडक्यांशी आली. अखेर सदरा वर सरकलेला, धापा टाकणारा जावई उलट्या पावली त्यांच्या गुडघ्यांशी आला आणि रस्त्यातच बसला.

"धरला!" आत्याबाई ओरडल्या. "मी धरला!"

जन्मभर त्यांनी मासे साफ केले होते, विकले होते, त्यांच्यावरून बाजारात भांडल्या होत्या. पण दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक जीव आपल्याशी झुंजतोय, हे मनगटात आजवर कधी भिनलं नव्हतं. या एवढ्यासाठी माणसं लांबून येतात तर. आणि हेच त्यांचं पोरगं लोकांच्या हातातून काढून घेत होतं.

दुसरंही एक त्यांच्या ध्यानात आलं. खुर्ची फिरली नसती, तर दोरी भिंतीवर तुटली असती. मासा पाहुण्यांचा खरा, पण तो त्यांच्यापर्यंत पोचवायला मागे कुणीतरी नेटाने वळवणारं लागतं. बोटीवर त्या वेळी सुकाणू असायचं जावयाकडे.

"जावईबापूंना आधी सोडवा," त्या म्हणाल्या. "पाणी द्या त्यांना. चांगले पळालात हं, मानलं."

थोरला खुर्चीची पाठ धरून उभा होता. "मग मी जाऊ ना, आई?"

आत्याबाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"जाशील. पण मासा लागला की सुकाणू सोडायचं नाही. मासा पळेल तिकडे बोट वळवायची, जशी मला वळवलीस. रॉडपाशी तुझी बायको राहील. रॉडला हात न लावता नुसत्या तोंडाने शिकवणं तिला जमतं, मलाही तिनेच फोन मोठ्या आवाजावर करायला शिकवलं. डॉक्टरीणबाईंचा मासा सुटला, तर तो त्यांचा सुटलेला, तू त्याचं सुतक धरायचं नाही. इतकी वर्षं तू त्या बोटीवर नुसता मासेच ओढत होतास रे. दुसऱ्याच्या माशामागे बोट वळवायची हातोटी तुझ्यात आहे, ती मी आज खुर्चीत बसून बघितली. जा, बांगडे बघून ये जिवंत आहेत का."