ढवळा अजून

आमच्या शाळेत नववी संपताना विज्ञानाचे विषय निवडायचे असतात. भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि भूगर्भशास्त्र, यांतले कोणतेही दोन. त्याआधी आठवडाभर सगळ्या वर्गांत बसून बघायची मुभा असते. मला बघायचं काहीच नव्हतं. मी रंगाच्या दुकानात वाढलेली, टर्पेंटाइनच्या वासावर मोठी झालेली मुलगी. रसायन मी नाही घेणार तर कोण घेणार?

बाबांचं दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर आहे. भिंतीचा पोपडा आणा, पडद्याचा तुकडा आणा, बाबा त्याच रंगाचा डबा करून देतात. अख्खा बाजार त्यांना 'हुबेहूब' म्हणतो. आता असा नाणावलेला माणूस काम करत असताना आईनं गप्प बसावं की नाही? पण नाही. बाबा काठीनं रंग ढवळायला लागले की ही डब्यात डोकावणार आणि फर्मावणार, "अहो, ढवळा अजून." बाबा मुकाट्यानं दोन थेंब टाकून पुन्हा ढवळणार. मग हिची परवानगी येणार, "हं, लावा झाकण." मला तिच्या या लुडबुडीचा भयंकर राग यायचा.

बाबा मला 'फौजदार' म्हणतात. घरात एखादी वस्तू जागची हलली की मी सगळ्यांच्या जबान्या घेते, म्हणून. स्वभाव आहे माझा, काय करणार.

तर रसायनाच्या वर्गात पहिल्याच दिवशी सरांनी कागदी पट्ट्या वाटल्या. पट्टी द्रावणात बुडवायची, तिचा रंग बदलतो, तो तक्त्यातल्या रंगाशी जुळवून द्रावण आम्ल की अल्कली ते सांगायचं. मी ऐटीत पट्टी बुडवली आणि तक्त्यावर बोट ठेवलं. शेजारी बसलेली माझी मैत्रीण फिसकन हसली.

"अगं, पट्टी नारिंगी झालीय. तू हिरव्यावर बोट ठेवलंयस."

सरांना वाटलं मी टवाळी करतेय. दुसऱ्यांदा तेच झालं, तिसऱ्यांदाही तेच, तेव्हा ते रागावायचे थांबले आणि त्यांनी मला जीवशास्त्राच्या बाईंकडे पाठवलं. बाईंनी कपाटातून ठिपक्यांची चित्रं काढली. प्रत्येक चित्रात एक आकडा दडलेला असतो म्हणे. मला नुसते ठिपके दिसले.

"लाल आणि हिरव्यात गल्लत होते तुझी," बाई म्हणाल्या. "यात घाबरण्यासारखं काही नाही. मी घरी फोन करून सांगते."

खरं सांगायचं तर मला तेव्हा फार वाईट वाटलं नाही. चित्रकलेच्या तासाला मी तपकिरी झाडं का रंगवायचे, ते एकदाचं कळलं. खरा घोळ झाला तो दुसऱ्या दिवशी, बाईंच्याच वर्गात.

त्या दिवशी आनुवंशिकता चालू होती. बाईंनी फळ्यावर गुणसूत्रं काढली आणि उदाहरण म्हणून रंगांधळेपणाच घेतला. "मुलग्यांमध्ये हा पुष्कळदा दिसतो, मुलींमध्ये क्वचित. मुलीला व्हायचा तर दोष दोन्हीकडून यावा लागतो. आईकडे दुसरं चांगलं गुणसूत्र असलं की तिच्यात तो झाकला जातो, तिला स्वतःला सगळे रंग दिसतात. वडिलांकडे झाकायला दुसरं काही नसतं. म्हणजे मुलगी रंगांध असेल, तर तिचे वडील रंगांध असलेच पाहिजेत."

"असलेच पाहिजेत?" मी विचारलं.

"अपवाद इतके दुर्मिळ, की तुमच्या परीक्षेत ते येणार नाहीत."

मागच्या बाकावरून एक कार्टा ओरडला, "बाई, हिचे बाबा तर हुबेहूब आहेत!"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईनं फळा पुसायला घेतला.

त्या संध्याकाळी मी आरशासमोर उभी राहिले. नाक आईचं, हनुवटी आईची. बाबांचं काय? काहीच सापडेना. आजवर मला ज्यानं त्यानं आईसारखी दिसते असंच म्हटलं होतं, आणि मला त्याचं कौतुक वाटायचं. आता त्याच वाक्याचा मला संशय यायला लागला.

मग मी घरात कान टवकारून वावरू लागले. जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, तुमचं लग्न झालं तेव्हा या बाजारात कोण कोण होतं गं?"

"का? तुला कशाला हव्यात पंचायती?" असं म्हणून तिनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान खाली घातली. माझ्या मनात त्या नजरेची नोंद झालीच.

त्याच रात्री जेवणं उरकल्यावर पाणी प्यायला उठले, तर स्वयंपाकघरात दोघांची कुजबुज चालली होती.

"आता तिला सांगायला हवं," आई म्हणत होती. "बाईंचा फोन आला तेव्हापासून ती घुम्यासारखी बसलीय."

"नको," बाबा म्हणाले. "कळलं तर माझ्याबद्दल काय वाटेल तिला?"

मी तहानलेलीच परत फिरले. उशीत तोंड खुपसून खूप रडले. ज्यांच्या खांद्यावर बसून मी अख्खा बाजार पाहिला होता, ते माझे कोणीच नव्हते? मग माझे कोण होते?

फौजदारानं रडून भागत नाही. मी संशयित शोधायला लागले आणि पहिला सापडला तो शेजारच्या दुकानातला घड्याळवाला काका. त्याचे मोजे कधीही एकमेकांशी जुळत नाहीत, असं मैत्रीण म्हणायची. रंगच कळत नसतील तर जुळणार कसे? शिवाय त्याचे कान माझ्यासारखेच बाहेर आलेले. मी आडून आडून आईला विचारलं, "घड्याळवाल्या काकांना रंग कळतात का गं?"

"त्यांना आधी वेळ कळू दे," आई म्हणाली. "आपली घड्याळं दोन आठवडे घेऊन बसलेत." असं हसण्यावारी नेलं की संशय वाढतो, एवढंही तिला कळेना.

शनिवारी आई दात काढायला गेली आणि दुकानात बाबा एकटेच राहिले. मी गृहपाठाचं निमित्त करून मागच्या स्टुलावर बसले. एक सुतार दाराची जुनी फळी घेऊन आला. त्याला डिट्टो तोच रंग हवा होता.

"मंडळी आल्या की करतो," बाबा म्हणाले.

"मंडळींचं काय काम? हुबेहूब तुम्ही आहात ना? तासाभरात येतो." फळी टेकवून तो निघूनही गेला.

बाबांनी डबा उघडला. फळी उजेडात धरली, तिरकी केली, सरळ केली. रंगांच्या बाटल्यांवरचे आकडे वाचून थेंब टाकले. ढवळलं. रस्त्याकडे पाहिलं. पुन्हा ढवळलं, पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. कपाळावर घाम आला होता. एवढ्याशा कामाला बाबांना घाम येताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मी जवळ गेले. "झाला का?"

"झालाच."

"मग लावा झाकण."

त्यांनी झाकण उचललं आणि परत खाली ठेवलं.

"बाबा, कोणता रंग झालाय हा?"

काठी डब्यात गोल गोल फिरत राहिली. बाबांनी पुन्हा एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाटलीवरचा आकडा वाचून सांगू, की खरं सांगू?"

"खरं सांगा."

"मला कळत नाही, बाळा. लाल कुठला आणि हिरवा कुठला, मला आयुष्यात कधी कळलं नाही. मापं माझी आणि डोळे तुझ्या आईचे, असा आमचा धंदा आहे. आईचे वडीलही असेच होते, म्हणून तिनं मला पहिल्या भेटीतच ओळखलं. तिच्या हिरव्या स्वेटरला मी तपकिरी म्हणालो होतो." ते डब्यातच बघत होते. "लोकांना कळलं तर हसतील, म्हणून कुठे बोललो नाही. आणि तू तर सगळीकडे सांगत फिरायचीस, माझे बाबा हुबेहूब. तुला कुठल्या तोंडानं सांगू? तुझं रसायन गेलं ना, ते माझ्यामुळे. हे तुला माझ्याकडूनच आलंय."

मी हुंदके देऊन रडायला लागले. ते बिचारे आणखीच खचले. तेवढ्यात आई गालाला रुमाल लावून आत आली. तिनं डब्यात पाहिलं आणि दुखरं तोंड वेडंवाकडं करून म्हणाली, "अहो, हा कसला रंग केलात? ढवळा अजून. आणि हिला काय झालं?"

"सांगितलं मी तिला," बाबा म्हणाले.

"मग त्यात एवढं रडण्यासारखं काय आहे?"

"मला वाटलं..." मी म्हणाले आणि नकळत शेजारच्या दुकानाकडे पाहिलं. पण आई ती आई. आधी माझ्याकडे, मग भिंतीपलीकडच्या दुकानाकडे बघून तिनं डोळे मोठे केले.

"म्हणून घड्याळवाल्याची चौकशी चालली होती होय? कार्टे!" तिला हसू आवरेना आणि हसताना हिरडी दुखायची थांबेना.

बाबांना काहीच उमगलं नव्हतं. ते काठी हातात धरून आळीपाळीनं आमच्याकडे बघत होते.

"पट्टीचा रंग मैत्रीण बघेल आणि मापं मी घेईन," मी डोळे पुसत म्हटलं. "रसायन कुठे जात नाही. तुम्ही फक्त मघाचं परत म्हणा."

"काय परत म्हणू?"

"शेवटी म्हणालात ते."

ते गोंधळले. एखाद्या गुन्ह्याची कबुली द्यावी तसं हळू आवाजात म्हणाले, "हे तुला माझ्याकडूनच आलंय."

"पुन्हा एकदा, बाबा," मी म्हटलं.