दरीतलं घर

“थांब स्वरा, तिथून उतरू नको. पाय घसरते तिथं,” चिंतामणराव म्हणाले.

स्वरानं ऐकलं नाही. टीव्हीच्या पडद्यावरचा तिचा माणूस कड्यावरून सरळ दरीत कोसळला.

“पाह्य! सांगून राह्यलो ना?”

चिंतामणराव महसूल खात्यात गिरदावर, म्हणजे जमिनींची पाहणी करणारे अधिकारी होते. बाजारहत्नूरकडची शिवारं त्यांनी पायी पालथी घातली होती. निवृत्तीनंतर अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली आणि आदिलाबादच्या घरात ते खुर्चीला खिळले. लेक स्वरा एका मराठी संकेतस्थळासाठी नव्या व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहायची. चांगलं काय, वाईट काय, शेवटी दहापैकी गुण.

त्या दिवशी तिनं कंट्रोलर त्यांच्या डाव्या हातात दिला आणि अंगठ्यानं चालायचं कसं ते दाखवलं. स्वराची आई जयवंताबाई चहा घेऊन आल्या, तरी चिंतामणरावांनी मान वळवली नाही.

“किती डाव हाका मारू? आयकू नाई येत का?”

“हळू बोल वं. चढून राह्यलो.”

मग ते रोजचंच झालं. गेममधल्या त्या दरीत, ओढ्याकाठी त्यांनी घर बांधलं, कुंपण घातलं. अवघड बटणं स्वरा दाबायची, जागा मात्र त्यांनीच निवडली होती. पुराचं पाणी चढणार नाही अशी.

“गवत झकास केलं यायनं,” एकदा ते म्हणाले. “वारा सुटला का खरंखुरं लवते. पन एक खोट हाय. कितीबी चाला, तहान लागत नाई.”

स्वराला हसू आलं. ते वाक्य तिनं परीक्षणात जसंच्या तसं घातलं, नऊ गुण दिले. सतत इंटरनेट लागतं, ही उणीव शेवटी एका ओळीत उरकली.

उन्हाळ्यात पडद्यावर सूचना आली. खेळणारे कमी झाले होते, त्यामुळे येत्या रविवारी दुपारी गेम कायमचा बंद होणार होता.

“काऊन? घर तं आपलं हाय ना?”

“नाई बाबा. आपन इकत घेतली ते फक्त खेळाची परवानगी. दरी कंपनीच्या मशिनीवर हाय. थे मशीनच बंद करून राह्यले.”

“म्हंजे जमिनीचा पट्टा आपल्या नावावर नोता,” चिंतामणराव म्हणाले. “अन मी कुंपन घालत बसलो.”

स्वरानं कंपनीला लिहिलं. तिच्या प्रेमाबद्दल आभार मानणारं ठरावीक उत्तर आलं. तिनं नव्यानं परीक्षण लिहिलं, यावेळी सगळं उणिवांवर. संपादकांचा फोन आला, “बंद पडणाऱ्या गेमवर कोण वाचणार? पुढचा पाठवलाय, तो घे.”

रविवारी चिंतामणरावांनी दाढी करून घेतली, धुतलेला सदरा घातला. दरीत बरेच अनोळखी खेळाडू शेवटचं भटकत होते. लाल घोंगडी पांघरलेला एक जण त्यांच्या कुंपणापाशी थांबला. चिंतामणराव निघाले तसा तोही निघाला. ते दमानं चढले की तोही थांबून घ्यायचा. दोघं टेकडीवर पोचले. खाली ते घर दिसत होतं.

लाल घोंगडीवाला वळला आणि त्यानं हात हलवला.

चिंतामणरावांनी कंट्रोलर मांडीवर सोडला. डावा हात वर केला आणि टीव्हीकडे बघून हलवला. पडद्यावरचा त्यांचा माणूस मात्र हात खाली सोडून नुसता उभा. लाल घोंगडीवाल्यानं पुन्हा हात हलवला. तो वाट पाहत होता.

“बाबा, तसं नाई, बटन...” स्वरा मांडीवरच्या कंट्रोलरकडे झेपावली. तिचं बोट बटणावर पडलं, तेव्हा पडदा काळा झाला होता. मधोमध अक्षरं आली, संपर्क तुटला.

चिंतामणरावांचा हात अजून वर होता.

“त्याले दिसलं असन का वं?”

“दिसलं असन, बाबा,” स्वरा म्हणाली, आणि तिनं त्यांचा हात हळूच खाली घेतला.