चिंधीवरचा टाका

"सर, ‘कुणीच वापरत नाही’ म्हणजे नक्की किती जण?"

भरल्या हॉलमध्ये नीरजा उभी राहिली. ‘विचारून दाखव, पॅटिस माझ्याकडून,’ अशी पैज शेजारच्या हुस्नबानूने लावली होती. व्याख्यानाला आलेले इंजिनिअरसाहेब नुकतंच म्हणाले होते, की शाळेत शिकवतात त्या प्रोग्रामिंगच्या भाषेची पुढची आवृत्ती जुन्या विंडोजवर चालणार नाही. ते कुणी वापरतच नाही.

"जवळजवळ शून्य," साहेब म्हणाले.

"जवळजवळ ना? मग आमचा एक धरा. बिबवेवाडीत, बाबांच्या दुकानात."

हॉल खदखदून हसला. साहेबही हसले. "वा! मग आपणच टेस्ट करून कळवा की ती भाषा बनवणाऱ्यांना."

टोमणाच होता. नीरजाने तो थेट कामाला लावला.

तिचे बाबा, संपतराव, गणवेशांवर मुलांची नावं भरून देतात. त्यांचं भरतकामाचं मशिन त्या जुन्या कॉम्प्युटरशिवाय हलत नाही. नव्याला ते ओळखच दाखवत नाही. शाळांच्या याद्या मशिनला समजाव्यात म्हणून नीरजाने त्याच भाषेत प्रोग्राम लिहिलेला. पण यंदापासून याद्या नव्या पद्धतीने येणार, आणि त्या वाचायला पुढचीच आवृत्ती हवी. संपतरावांनी हात टेकले होते. "रविवारी भंगारवाला येतोय, बाळा."

पुढच्या आवृत्तीची कच्ची प्रत अजून जुन्या विंडोजवर चढत होती; नीरजाने ती जुन्या कॉम्प्युटरवर चढवली आणि तिच्याबरोबर आलेल्या चाचण्या सुरू केल्या. पास झालेल्या प्रत्येक चाचणीला पडद्यावर एक ठिपका. हजारभर ठिपके उमटले, मध्ये नापास झालेल्यांच्या नऊ फुल्या.

संपतराव मागून बघत होते. "हे म्हणजे चिंधीवर टाका मारून बघणं झालं." गणवेश मशिनला लावण्याआधी ते रोज तेच करत.

"अगदी तेच, बाबा!"

"मग फुल्या कळव त्यांना. पण रविवार काही लांब नाही."

शुक्रवारी भाषा बनवणाऱ्यांचं उत्तर आलं: चुका दुरुस्त होतील, पण आमच्यात कुणाकडेच जुनं विंडोज नाही. दर आवृत्ती तपासून देणारं माणूस मिळालं, तरच पुढे चालू ठेवू.

शनिवारी आई, वासंतीबाई, कॉम्प्युटरच्या आणि मशिनच्या वायरी गुंडाळायला बसल्या. "दहावीचं वर्ष आहे, नीरजा. जगाची कामं तुझ्याच डोक्यावर आहेत का?"

नीरजाने त्यांच्या हातातून वायर घेतली आणि पुन्हा भिंतीत खोचली. मशिनची सुई टक् करून वर आली.

"आई, बाबा, भंगारवाल्याला नको म्हणून सांगा. दहावी मी करणारच आहे. पण त्यांच्या तपासनिसांच्या यादीत जुन्या विंडोजपुढची जागा रिकामी होती, तिथे मी लिहून टाकलंय: नीरजा संपत बिबवे, पुणे. उद्यापासून दर रविवारी सकाळी हा कॉम्प्युटर माझा."