बसवणी मोफत

गोड बोलणं माझ्याकडून व्हायचं नाही, आधीच सांगते. मी कानस आहे. एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं गोलसर आणि अंगभर दाते. माझ्या बहिणी लोखंड घासतात, मी प्लास्टर घासते. पाय कापला गेलेल्या माणसांना जिथं नवा पाय करून मिळतो, त्या कारखान्यात माझं आयुष्य गेलं. कारखाना म्हणजे तरी काय, मागं पांढऱ्या भुकटीनं माखलेली एक लांबट खोली आणि पुढं गिऱ्हाइकांना बसायची खोली. मधलं दार कधी नीट लागत नाही, म्हणून मला पुढचं सगळं दिसतं आणि ऐकू येतं.

मला कारखान्याच्या मालकांनी, मास्तरांनी विकत आणलं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या दात्यांवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला रक्त आलं, तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं.

पाय कसा बनतो ते सांगते, नाहीतर माझा राग तुम्हाला उगाचचा वाटेल. माणसाच्या उरलेल्या खुंटाभोवती ओल्या प्लास्टरची पट्टी गुंडाळतात. ती सुकली की काढतात आणि तिच्यात पातळ प्लास्टर ओततात. झाला खुंटाचा हुबेहूब साचा. मग माझं काम सुरू. गुडघ्याच्या वाटीखालची जागा भार सोसते, तिथं साचा घासून खोल करायचा. नडगीच्या हाडाला भार सोसत नाही, तिथं उलट लेप चढवायचा. अशा साच्यावर तापलेलं प्लास्टिक बसवलं की सॉकेट तयार होतं, म्हणजे खुंट आत शिरतो ती खोळ. तिच्याखाली नळी, नळीला पंजा. पंजा बाजारात मिळतो. खोळ जगात कुठंच तयार मिळत नाही, कारण एकाचा खुंट दुसऱ्यासारखा नसतो.

मास्तर एका साच्याला तीन तास घ्यायचे. थांबायचे, डोळे मिटून बोटं फिरवायचे, पुन्हा दोन हात मारायचे. भाव सांगण्यातही तसेच रोखठोक. "हे सामानाचे, ही माझी मजुरी. वर्षभरात टोचलं तर कितीही वेळा या, ते मजुरीतच आलं." मजुरी काही कमी नसायची. लोक कुरकुरायचे. मास्तर म्हणायचे, "कमी करतो की. पण मग एक तासही कमी होईल. कुठला करू, ते तुम्हीच सांगा."

अक्का तेव्हा झाडलोटीला यायची. एकदा केर काढता काढता तिनं साच्यावर हात टेकला आणि म्हणाली, "मास्तर, इथं जरा फुगल्यासारखं लागतंय." मास्तरांनी तपासलं. मग तिच्या हातातला झाडू काढून घेतला आणि तिथं मला ठेवलं. त्या दिवसापासून मी अक्काची.

मास्तर गेले आणि कारखाना त्यांच्या पुतण्याकडे आला. त्याला सगळे साहेब म्हणतात. मागच्या खोलीत त्यानं एक दिवासुद्धा बदलला नाही. पुढच्या खोलीत मात्र काचेचं कपाट आलं, त्यात काळे चकचकीत पंजे मांडले. त्यातला एकेक पंजा खपला की कंपनीकडून साहेबांना वेगळं काहीतरी पोचतं, हे मला टेलिफोनवरच्या बोलण्यातून कळलं. भावाचा कागद भिंतीवरून उतरला. आता भाव गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून ठरायचा. एकाच महिन्यात एकाच बनावटीचा, एकाच सामानाचा पाय दोघांना वेगवेगळ्या भावानं गेला. एकाचा जावई गाडीतून सोडायला आला होता, एवढाच काय तो फरक.

आणि बिलाच्या तळाशी एक नवी ओळ आली. बसवणी मोफत.

लोक खूश व्हायचे. माझे दाते शिवशिवायचे. अहो, बसवणी म्हणजे खोळ खुंटाला नेमकी बसवणं; माझं आणि अक्काचं सगळं काम त्या एका ओळीत होतं, आणि ते फुकट म्हणून लिहिलं होतं. फुकटच्या कामाला वेळ कोण देणार? तीन तासांचा एक तास झाला, मग अर्धा. "अक्का, उरका. साच्याची पूजा बांधायची नाही आपल्याला," साहेब दारातून म्हणायचे. अक्का भराभर उरकायची. तिच्या पगारावर घर चालायचं. आणि मीही काही धुतल्या तांदळाची नाही. दाते बोथट झाले होते, चावायच्या ऐवजी घसरत होते, तरी मी तशीच फिरत राहिले.

अशात एक शिंपीणबाई आली. डाव्या पायाची जखम चिघळून गुडघ्याखाली पाय काढावा लागलेला. घरी दोन मशिनी, त्यावर शाळेचे गणवेश शिवायची. साहेबांनी खुंट बघायच्या आधी विचारलं, "घर स्वतःचं आहे का?" आणि मग कपाटातला सगळ्यात वरचा पंजा काढला. "यावर माणूस पळतो, ताई."

ती म्हणाली, "मला पळायचं नाही हो. पायडल मारायचंय."

"आत्ता म्हणताय. उद्या वाटेल, तेव्हा काय कराल?"

तिनं एक मशीन विकली आणि पंजा घेतला. तिचा साचा अक्कानं पंचवीस मिनिटांत घासला. वाटीखालची जागा जेमतेम खोल झाली. मला माहीत होतं, अक्कालाही माहीत होतं. जो भार तिथं अडायचा तो खाली उतरणार आणि हाडाच्या टोकावर बसणार.

तसंच झालं. पंधरा दिवसांत ती कुबड्यांवर परत आली. साहेब म्हणाले, "सवय होईल." पुन्हा आली, तर तिला जाडसर मऊ मोजा विकला. मोज्यानं खोळ आणखी आवळली. तिसऱ्या खेपेला हाडाच्या टोकावर जखम होती आणि डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, ही वाढली तर पाय आणखी वर कापावा लागेल. साहेबांनी जखम पाहिली आणि म्हणाले, "तुमच्या चालीला हा पंजा झेपत नाही. याच्यापेक्षा वरचा एक आलाय. जुन्याचे थोडे वळते करून घेऊ." रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

शिंपीणबाईचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "साहेब, माझ्याकडं कोट शिवायला आला आणि काखेत आवळला, तर मी गिऱ्हाइकाला भारी बटणं लावून देत नाही. उसवते आणि पुन्हा शिवते. त्याचे पैसे शिलाईतच धरलेले असतात. तुमच्या बिलात शिलाई कुठंय?"

"ती मोफत आहे, ताई. लिहिलंय तसं."

"म्हणजे झालीच नाही."

मधलं दार उघडं होतं. अक्का उठली. भुकटीनं पांढरे झालेले हात तसेच घेऊन पुढच्या खोलीत गेली. इतक्या वर्षांत कामाच्या वेळी तिनं तो उंबरा ओलांडला नव्हता.

"बाई, पंजाचा दोष नाही," ती म्हणाली. "तुमचा साचा मी घासला. तीन तासांचं काम पंचवीस मिनिटांत केलं. चुकलंय ते खोळीत, आणि ते माझ्या हातून चुकलंय."

"अक्का, आत जा," साहेब म्हणाले.

"जाते. पण जखम भरली की यांचं नवीन माप घेणार."

पुढं साहेब पुष्कळ बोलले. गिऱ्हाइकासमोर बोलले, हे बरं झालं. बाकावर बसलेल्या दोघांनी आपापली बिलं काढून तळाची ओळ वाचली. "फुकट करून द्या यांचं," एवढं म्हणून साहेब बाहेर निघून गेले. तेव्हाही शब्द फुकटच.

जखम भरेपर्यंत अक्कानं वाट पाहिली आणि मग माप घेतलं. साचा तयार झाल्यावर तारेच्या ब्रशनं माझा दात न् दात साफ केला आणि तीन तास घासलं. मी बोथट, म्हणून तिनं जोर लावला. तळहाताला फोड आले. डोळे मिटून बोटं फिरवताना ती स्वतःशीच पुटपुटत होती, "हं, आता आलं." शिंपीणबाई त्या खोळीत उभी राहिली. चार पावलं टाकली. मग पायरीच्या कडेला पंजा टेकवून पायडल मारतात तसा खालीवर केला. पंजा तोच जुना होता. ती रडली नाही, हसली नाही. "विकलेली मशीन आता परत मिळायची नाही," एवढं म्हणाली आणि चालत गेली.

महिनाअखेर अक्काला काढलं. जाताना तिनं मला पिशवीत टाकलं, तर साहेबांनी अडवलं. "हत्यारं दुकानाची आहेत." अक्कानं मला टेबलावर ठेवलं आणि मागं न बघता गेली. दुसऱ्या गल्लीतल्या दवाखान्यात ती आता साचे घासते, असं ऐकते.

मी इथंच, वाळक्या ब्रशांच्या डब्यात. माझ्या जागी साचे कोरणारं यंत्र आलंय. यंत्रावर माझा राग नाही. ते बिचारं सांगाल तेवढं कोरतं. पण हात फिरवून "इथं फुगलंय" म्हणणारं या खोलीत आता कुणी नाही, आणि बिलावरची ती ओळ अजून तशीच आहे.

पाय गेलेल्या माणसाला घासाघीस सुचत नाही, त्याला फक्त उभं राहायचं असतं. हे ज्याला कळतं तो त्याला आधार देतो किंवा लुबाडतो. म्हणून विनवते. विनवण्याची सवय नाही, तरी विनवते. कपाटाकडे बघू नका. विचारा, माझी खोळ कोण करणार, किती तास देणार, टोचलं तर काय. त्या तासांचे पैसे मागितले तर द्या, हक्काचे आहेत ते. आणि समोरचा हसून म्हणाला, "त्याचे पैसे पडत नाहीत," तर कुबड्या उचला आणि बाहेर पडा.